घरट्यातलं एक अंडं

१

अंडी काढताना घरट्यात एक मागे ठेवायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. आई ठेवायची, म्हणून मी ठेवते. सगळी उचलली की कोंबडी बिथरते आणि दुसऱ्या दिवशी कुठेतरी शेजारणीच्या गवताच्या गंजीत जाऊन घालते. एक राहू दिलं की तिला वाटतं, ही जागा आपली. मग ती रोज तिथेच येते. सकाळी चूल पेटवायची, मका टाकायचा, खुराड्यात हात घालायचा, सहा असली तर पाच उचलायची. सत्तर वर्षं हेच. यात डोक्याचं काही काम नाही, हाताला सवय असते.

त्या सवयीनेच ती चूक झाली, म्हणून हे आधी सांगितलं.

आमचं गाव हात्सेगच्या खोऱ्यात, सिबिशेल नदीला लागून. काठ तांबड्या मातीचा. बर्फ वितळलं की नदी दरवर्षी काठाचा एक घास घेते आणि मातीतून हाडं डोकावतात. दगड झालेली, काळपट, उचलायला लोखंडासारखी. माझ्या बापाने असल्याच एका हाडाचा गुडघा फाटकाला टेकण म्हणून वापरला होता. क्लुझ शहरातून प्रोफेसर अवराम यायला लागले तेव्हा आम्हाला कळलं, की आमचं फाटक इतकी वर्षं एका डायनासोरने धरून ठेवलं होतं.

"राक्षस होते का हो ते?" मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"बुटके होते, रफिलाबाई. तेव्हा इथे चहूकडे समुद्र आणि मध्ये बेट. बाहेर यांचे भाऊबंद घराएवढे, आणि इथले बैलाएवढे. चारा कमी, जागा कमी. पिढ्यान्‌पिढ्या आखडत गेले."

"म्हणजे आमच्या गावच्या माणसांसारखेच की."

साहेब इतके हसले की त्यांच्या हातातली घेवड्याची आमटी सांडली. तेव्हापासून दर वसंतात ते आमच्याकडेच उतरायचे.

त्या वर्षी घरटं मला सापडलं, त्यांना नाही. ईस्टरच्या आधीचे मोठे उपास चालू होते. आमटीसाठी खाजरा पाला खुडायला मी नदीवर गेले, तर काठ ताजा ढासळलेला, आणि तांबड्या मातीत गोल दगड. खाली सहा, वर पाच, एकमेकांना टेकून. दगड स्वतःहून असे बसत नाहीत. शेजारी एक पायाचं हाड, आडवं.

साहेबांनी ते पाहिलं आणि माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. चार दिवस खपून त्यांनी अकरा अंडी काढली. कापडात आणि प्लास्टरमध्ये गुंडाळून दहा गाडीत गेली. अकरावं उचलायला ते वाकले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, एक ठेवा."

"कुणासाठी?"

"तिच्यासाठी."

त्यांनी ते निरखलं. ते अंडं चपटं झालेलं, वरून तडकलेलं होतं. "बरं," ते म्हणाले, "हे आमच्या फारसं कामाचं नाही. तुमच्याकडेच राहू दे. पण कोंबड्यांना खायला घालू नका."

२

अंगणात आमचं उन्हाळी स्वयंपाकघर आहे. एकच खोली, मातीची भिंत, चुन्याने पांढरी केलेली. तिथे माझी नात सोरिना साहेबांसाठी हाडांची चित्रं काढायची. तिचा हात फार चांगला. फोटोत जे येत नाही ते हिच्या पेन्सिलीत येतं, असं साहेब म्हणायचे.

सोरिनाची आई, म्हणजे माझी मुलगी, इटलीत दुसऱ्या कुणाच्या म्हातारीला भरवते. सोरिनाचा नवरा दोरिन स्पेनमध्ये विटा रचतो. याआधी सोरिनाची दोन पोटं गेली होती, दोन्ही सहाव्या महिन्यात. हे तिसरं, पाचवा सरत आला होता. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, बसून राहा. पण तिला बसवत नव्हतं. दहा मिनिटं चित्र काढायची, उठायची, अंगणाला फेरी मारायची, पुन्हा बसायची.

"अगं, भोवऱ्यासारखी काय फिरतेस?"

"मी नाही फिरत, आजी. ते आत फिरतंय."

मी मनात म्हणायचे, फिरू दे. फिरतंय तोवर आहे.

साहेबांनी ते पायाचं हाड अंगणात पाणी सोडत चालणाऱ्या करवतीवर मधोमध आडवं कापलं. कापलेला भाग घासून आरशासारखा केला आणि भिंग माझ्या हातात दिलं. झाडाच्या बुंध्यात असतात तशी वलयं दिसत होती.

"एकेका वर्षाचं एकेक," साहेब म्हणाले. "सुगीत हाड भरभर वाढतं, वाईट दिवसांत थांबतं. थांबलं की रेघ उमटते."

सोरिनाने रेघा मोजल्या. चौदा निघाल्या.

"आणि ही बारीक भोकं रक्ताच्या नळ्यांची. इतकी दाट आहेत, त्या अर्थी अंग उबदार असणार. सरड्यासारखं गार नाही. चोच होती, पाला खायची, मागच्या दोन पायांवर चालायची."

"खायची म्हणता. मादी होती का?"

"ते हाडावरून सांगणं फार अवघड, रफिलाबाई."

"त्यात काय अवघड? नळी फोडून बघा. अंड्यावरची कोंबडी कापली की तिच्या तंगडीची नळी आतून भरलेली असते, रवाळ, जाळीजाळीची. कोंबड्याची नळी मोकळी. अंड्यांचा हंगाम संपला की तिचीही मोकळी. कवचाला चुना लागतो ना, तो ती आधी हाडात साठवते."

साहेब म्हणाले, "आमच्या लोकांना हे डायनासोरच्या हाडात बघायचं सुचायला कितीतरी वर्षं लागली."

"मला विचारायचं होतं."

मग आम्ही तिघांनी मिळून बघितलं. नळी मोकळी होती. आत नुसती तांबडी माती, कडेला स्वच्छ गुळगुळीत हाड.

"अंड्यावर नव्हती," मी म्हटलं. "घालून झाली होती."

अर्धं हाड साहेब क्लुझला घेऊन गेले. अर्धं चित्रांसाठी इथे राहिलं, पेंढा घातलेल्या लाकडी खोक्यात. ते चपटं अंडं कुठे ठेवायचं म्हणून मी तेही त्याच खोक्यात ठेवलं. पेंढ्याला हाताने खळगा केला, जसा कोंबडीसाठी करतात, आणि हाडाला म्हटलं, "घे बाई, तुझं तुला."

सोरिना हसली. मीही हसले.

३

आठवडा गेला. एका सकाळी खुराड्यात हात घातला आणि बोटं ओल्या पिशवीत गेली. बिनकवचाचं अंडं, नुसतं पातळ कातडं. दुसऱ्या दिवशी तीन तशीच. मी टरफलं भाजून, कुटून कोंड्यात घातली, नदीतले शिंपले कुटले. काही उपयोग झाला नाही.

शेजारीण फिरुत्सा कुंपणावरून बघत होती. "अगं रफिला, तुझ्या कोंबड्यांनीसुद्धा उपास धरलाय वाटतं!"

"तुझ्यापेक्षा धार्मिक आहेत त्या."

"माझ्याकडची घेऊन जा. पोटुशी पोर घरात आहे. तिला चांगलं घालत जा."

त्याच आठवड्यात सोरिनाचा दात मोडला. पावाचा मऊ घास चावताना, मागचा, अख्खा. तिने तो तळहातावर घेऊन दाखवला. खडूसारखा झाला होता. मी चिमटीत धरला तर पीठ पडलं.

"पोटातलं बाळ आईचा चुना घेतं," मी म्हटलं. "तुझ्या आईच्या वेळी माझे दोन गेले होते."

हे खरंच आहे. त्यामुळे मी त्यावर जास्त विचार केला नाही.

मग एक दिवस उन्हाळी स्वयंपाकघर झाडताना भिंतीशी पांढरी पूड दिसली. वर बघितलं तर चुना टिपलेला, आतली माती उघडी पडलेली. कोंबड्या असं करतात. कवचाला चुना कमी पडला की पांढऱ्या भिंतीला चोची मारतात. मला उलट बरं वाटलं. चला, कारण तरी कळलं! सोरिनाला म्हटलं, दाराला कडी घालत जा, कोंबड्या आत शिरतात.

"मी रोज घालते, आजी."

"मग खिडकीतून येत असतील."

खिडकीला जाळी होती. मी ती हाताने हलवून पाहिली. घट्ट होती. तरी मी स्वतःला सांगितलं, की कोंबडीला वाट सापडते.

खराटा भिंतीला टेकवून मी बाहेर पडले आणि दारातून परत वळले. कोंबडी गुडघ्याच्या वर पोचत नाही. आणि हे टिपलेलं सुरूच होत होतं माझ्या गुडघ्यापासून. वर, छातीपर्यंत. एकेक खूण माझ्या तळहाताएवढी रुंद.

४

माणसाला नको ते दिसलं की तो कारणं गोळा करतो. मी पुष्कळ गोळा केली. भिंत ओली असेल. जुना चुना फुगून पडतो. आणि माझी उंची तरी मला कुठे नीट माहीत, म्हातारपणी तीही आखडते.

सोरिनाची चित्रं नसती तर मी त्या कारणांवर निभावलं असतं.

ती दर चित्राखाली तारीख घालायची. एका दुपारी तिने दोन कागद माझ्यापुढे ठेवले. पहिल्यावर नळी मोकळी, कडा स्वच्छ. दुसऱ्यावर कडेला आतून नखाएवढी जाळी, बारीक टिंबाटिंबांची.

"पहिल्या दिवशी माझं चुकलं असणार," ती म्हणाली. "मी जे नाही बघितलं ते काढत नाही, आजी. पण मग जे होतं ते काढलं कसं नाही?"

मी भिंग घेतलं. हाडाच्या नळीत खरंच जाळी होती. रवाळ, जराशी तांबूस. ती मी ओळखते. या हातांनी हजार वेळा फोडली आहे.

"त्या दिवशी मीही बघितलं होतं," मी म्हटलं. "मोकळी होती."

"तुझे डोळे..."

"माझ्या डोळ्यांचं काढू नकोस. सुईत दोरा अजून मीच ओवते."

तिने साहेबांना फोन लावला. मी तिच्या खांद्याशी उभी राहून ऐकत होते.

"माझ्या अर्ध्यात काहीच नाही," साहेब म्हणाले. "चकती कापली, मोठ्या यंत्राखाली पाहिली. नळी स्वच्छ. तुमच्याकडे दमटपणा आहे, मातीतलं मीठ वर येत असेल. कोरडं ठेवा. आणि सोरिना, तू विश्रांती घे. आजीला सांग, तिची कोंबडी अंड्यावर नव्हती."

तिने फोन ठेवला, चित्रं उचलली, पुन्हा ठेवली, उठली. "मीठच असेल," ती म्हणाली आणि अंगणात जाऊन फेऱ्या मारू लागली.

मी एकटीच खोलीत राहिले. भर दुपार, बाहेर ऊन. खोक्यातला पेंढा जरा सरकल्यासारखा आवाज झाला. कोंबडी बसायच्या आधी पायाने गवत सारखं करते, तसा. मी उंदीर म्हटलं आणि बाहेर आले.

पण आता मला माझी चूक दिसत होती. घरटं मी केलं होतं. त्यात अंडं ठेवून, ये, इथे घाल, असं मीच सांगितलं होतं. आणि कवचासाठी तिला लागेल तेवढा चुना या घरात होता. भिंतीत होता, कोंबड्यांत होता. आणि सोरिनात होता.

५

ईस्टरच्या आदल्या शनिवारी आम्ही गोड पाव भाजतो आणि अंड्यांची टरफलं नदीत सोडतो. पृथ्वीच्या टोकाला, जिथे सगळं पाणी जाऊन मिळतं, तिथे मवाळ माणसं राहतात असं आमच्यात मानतात. फार जुनी माणसं, कुणाचं वाईट न करणारी. त्यांना वार-तिथी कळत नाही. टरफलं वाहत तिथवर पोचली की त्यांना कळतं, सण आला.

अंडी फिरुत्साची होती. माझ्या कोंबड्यांनी दहा दिवसांत एकही धड दिलं नव्हतं. भाजणं झालं, टरफलं टोपलीत घेतली, आणि सोरिना पाव झाकत होती तोवर उन्हाळी स्वयंपाकघरात जाऊन ते चपटं अंडं उचललं.

ते मार्च महिन्यापासून पेंढ्यात होतं. खोलीत चूल पेटलेली नव्हती. दगड माझ्या हाताला कोमट लागला.

ऊन पडलं असेल, मी म्हटलं. त्या खोक्यावर ऊन पडत नाही.

पुलावरून टरफलं सोडली, ती हलकी, नाचत गेली. मग ते अंडं सोडलं. ते सरळ बुडालं. मी जरा वेळ उभी राहिले. टोपली हलकी झाली होती, आणि मला वाटलं, मिटलं एकदाचं. घरटं मोडलं की कोंबडी त्या जागी येत नाही.

ती दुसरीकडे जाते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या वेळी आठवलं नाही, एवढंच.

६

ईस्टरच्या दुपारी जेवण झालं आणि सोरिना पुढच्या खोलीत आडवी झाली. मी भांडी आवरून आत डोकावले. ती कुशीवर झोपली होती, हात पोटावर. उशीवर पांढरी पूड होती. तिच्या केसांत, भुवईवर, उघड्या ओठांवरसुद्धा.

भिंतीचा चुना तिच्या उशीच्या वर टिपला होता. ओळीने, एकेक खूण तळहाताएवढी. सकाळी मी अंथरूण आवरलं तेव्हा भिंत कोरी होती.

मी तिला हलवलं.

"आजी, काय गं? आत्ता कुठे डोळा लागला होता."

"उठ. माझ्या खोलीत झोप."

ती उठून बसली. तिने केसांतून हात फिरवला, बोटं बघितली, भिंत बघितली. मी म्हटलं, जुना चुना आहे, पडतो. तिने ते ऐकलं नाही. ती दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती, काहीतरी ऐकत असल्यासारखी.

"आजी," ती म्हणाली, "आज हललं नाही ते. सकाळपासून."

तेवढ्यात दारात फिरुत्सा उभी, हातात लाल अंडी, सणाचं शुभ बोलत. तिला आत घ्यावंच लागलं. ती बसली, बडबडत राहिली. तिची बडबड मला कधी नव्हे ती त्या दिवशी देवासारखी वाटली.

"ती माझी चितकबरी गं! रोज अंडं उचलावं तर रोज नव्या जागी घालायची. एकदा तर माझ्या पलंगाखाली! शेवटी म्हटलं, घे बाई, पोटभर घे. अकरा ठेवली एकदम तिच्याखाली. बसली गप्प. आता खुडूक झालीय, अंडं देत नाही, पण निदान घरभर हिंडत तरी नाही."

मी तिच्याकडे बघत राहिले.

"काय झालं? मिशा फुटल्या का मला?"

"फिरुत्सा," मी म्हटलं, "सोरिनाजवळ बस. एकटीला सोडू नकोस. मी आलेच."

सणाच्या दिवशी कुणी काम करत नाही. मी टोपली घेऊन नदीवर गेले आणि गुडघाभर पाण्यात उतरून दगड वेचले. गोल, दोन मुठींएवढे, सारख्या आकाराचे. साधे नदीचे दगड. एकेक हातात फिरवून पाहिला, कुठे काही नव्हतं. दोन खेपांत अकरा आणले. उन्हाळी स्वयंपाकघरात, दिवसाढवळ्या, दार सताड उघडं ठेवून, मी खोक्याच्या फळ्या काढल्या, जमिनीवर पेंढा पसरला, रुंद खळगा केला, खाली सहा, वर पाच असे रचले. काठावर होते तसे. मध्ये ते अर्धं हाड. त्याची नळी आता काठोकाठ भरलेली होती.

"हे घे," मी म्हटलं. "सगळी आहेत. आता बस."

बाहेर आले, कडी घातली, पाठ दाराला लावून उभी राहिले. आतून पेंढ्याचा आवाज आला. गोल गोल, सावकाश. मग काहीतरी बसलं. दार माझ्या पाठीला जाणवेल इतकं हललं.

घरातून सोरिनाने हाक मारली. मी धावले.

"लाथ मारली," ती रडत हसत होती. "आजी, केवढ्याने मारली!"

"पोरगा असेल," फिरुत्सा म्हणाली. "आल्या आल्या भांडायला लागला."

७

मुलगी झाली, जुलैमध्ये. पुऱ्या दिवसांची. तिचं नाव मारुका ठेवलं.

माझ्या कोंबड्या ईस्टरनंतर आठवड्याभरात नीट घालू लागल्या. भिंती पुन्हा टिपल्या गेल्या नाहीत. उन्हाळी स्वयंपाकघराला मी कुलूप घातलं आणि सगळ्यांना सांगितलं, की छप्पर खचलंय. साहेबांनी हाड मागितलं तेव्हा म्हटलं, नदीच्या पुरात गेलं. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी खोटं बोलले. तेही खोली उघडायला लावतील या भीतीने.

फोन ठेवायच्या आधी मी विचारलं, "साहेब, ते प्राणी किती दिवस उबवायचे हो?"

"का? तुमची कोंबडी बसली वाटतं?" ते हसले. "तेही हाडांवरून कळतं, रफिलाबाई. खरं तर दातांवरून. अंड्यातल्या पिलाच्या दातांवर रोजची एक रेघ असते. कुणीतरी त्या मोजल्या आहेत. कोंबडीसारखं एकवीस दिवसांत नाही उरकायचं. चोचवाल्यांना साडेपाच महिने तरी."

ऑगस्टमध्ये मी एकदाच कुलूप काढलं. बघायचं नव्हतं, पण बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. दुपारची वेळ होती. खोलीत कुणी नव्हतं. हाडाची नळी मोकळी होती, स्वच्छ, पहिल्या दिवशी होती तशी. मी गुडघ्यावर बसून हुश्श केलं. आता तिला चुना लागणार नाही. मिटलं.

मग मनात आलं, नळी मोकळी कधी होते?

मी पेंढ्यात हात घातला आणि मोजलं. पुन्हा मोजलं. अकरा मी ठेवले होते, या हातांनी. बारा होते. बाराही कोमट, बाराही सारखे. तिचं कुठलं आणि माझे कुठले, ते मला ओळखता आलं नाही.

उचलून फेकावेत? एकदा फेकून पाहिलं होतं. आणि पुढच्या खोलीत पाळण्यात मारुका होती, टाळू अजून मऊ, हाडं अजून भरायची.

मी पेंढा होता तसा सारखा केला आणि कुलूप लावलं.

८

ऑक्टोबर लागला आणि एका सकाळी मारुकाचे लंगोट वाळत घालताना मला तो आवाज ऐकू आला. खुडूक कोंबडी शेवटच्या दिवसांत अंड्यांशी बोलते, घशातल्या घशात, तुटक. तसाच. फक्त फार खालचा. कानांपेक्षा तळपायांना आधी कळला.

सोरिना ओट्यावर मारुकाला पाजत होती. तिने मान वर केली. "फिरुत्साकाकूचा ट्रॅक्टर का?"

"हो," मी म्हटलं. मग म्हटलं, "सोरिना, दोरिनला फोन लाव. तू जा त्याच्याकडे."

"काय?"

"स्पेनला जा. या आठवड्यात."

"पण तूच त्याच्याकडून वचन घेतलंस! पोर चालायला लागेपर्यंत आम्हाला इथून हलवायचं नाही म्हणून. रडली होतीस, आजी!"

"रडले होते. आता कंटाळले. रात्रंदिवस रडतं तुझं पोर, मला झोप नाही."

"मारुका रडते? ही?" तिने मारुकाकडे बघितलं. ती शांत पीत होती. "खरं काय ते सांग. तुला काय होतंय?"

"मला म्हातारपण होतंय. तुझ्या आईला दुसऱ्याची म्हातारी सांभाळावी लागते, तुला आपली नको. जा."

ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तिची पेटी भरली, वाटेला अंडी उकडली. बसच्या दारात तिने मला मिठी मारली आणि एक कागद हातात दिला. मारुकाचं चित्र, झोपलेली, मूठ तोंडाशी. "जे बघितलं तेच काढलंय," ती म्हणाली. मारुकाच्या टाळूवर मी ओठ टेकवले. खाली ठोका लागत होता.

बस वळणावर जाईपर्यंत उभी राहिले आणि मग परत आले. मला जाता आलं असतं, फिरुत्साकडे, मुलीकडे. पण कुणीतरी कुलूप तोडलं, घरटं विस्कटलं, आणि ती उठली तर? दाराशी कुणीतरी बसायला हवं. घरटं माझं आहे.

दाराच्या फटीला डोळा लावला. आत दुपारचं तिरपं ऊन. पेंढ्यात मधोमध रुंद खड्डा पडला होता, काहीतरी जड बसल्यावर पडतो तसा. वर कुणीच नव्हतं. पण पेंढा सावकाश वर येत होता, पुन्हा दबत होता. वर येत होता, दबत होता.

मग आवाज थांबला. सगळाच. पेंढाही स्थिर झाला. आणि मी ऐकलं: टक. जरा थांबून, टक. आतून. दगडावर दगड आपटतो तसा नाही. मी हा आवाज दर वसंतात कानाशी अंडं धरून ऐकते.

पहिला कुठून आला तेवढं मी कान देऊन ऐकलं. मग दुसरीकडून आला. मग तिसरीकडून.

मी घरातून जातं बाहेर आणलं, दारासमोर मांडलं आणि मका भरडायला बसले. बारीक, पिलांना लागतो तसा.